पोतनीस भैयांची रांग

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, अकरा वाजायच्या आत, मी चहाचा भरलेला ग्लास पोतनीस भैयांच्या कीबोर्डवर सांडला.

कारण साधं होतं. ग्लास उजव्या हातात होता आणि मागे खिडकीजवळ बसलेल्या ज्योतीला पासवर्ड विचारायचा होता. मी "ज्योती" म्हणत वळलो. माझ्याबरोबर माझा हातही वळला. हात आपल्यालाच जोडलेला असतो, याचा मला अधूनमधून विसर पडतो.

पोतनीस भैया रागावले नाहीत. त्यांनी कीबोर्डची वायर काढली, तो उलटा धरून चहा निथळू दिला, मग रुमालाने एकेक बटण पुसलं. पुसता पुसता म्हणाले, "हातात काही असलं का कोणाले हाक मारू नये. आधी खाली ठेवावं, हात रिकामा करावा, मग हाक मारावी."

मी मान डोलावली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला चहा कसा धरावा हे कोणीतरी शिकवतंय, याची जरा लाज वाटली. ते फक्त चहाबद्दल बोलत नव्हते हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

आमचं ऑफिस रायपूरच्या समता कॉलोनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून मशीनचा आवाज आला की आम्ही सगळे नकळत जबडा घट्ट मिटून घ्यायचो. कारखान्यांच्या गेटांवर आणि गोदामांत चालणारे प्रोग्राम लिहिणं हे आमचं काम. मालक विनयजी पोतनीस भैयांच्या मुलाच्या वयाचे, पण तेही त्यांना भैयाच म्हणत. एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर भैया इथे आले होते. राहायला ब्राह्मणपाऱ्यात. तिथून रोज जुन्या स्कूटरवर यायचे, इतक्या सावकाश की एकदा म्हणे त्यांच्या मागून चालत येणाऱ्या माणसाने त्यांना वाट विचारली आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत दोघंही बरोबरच होते. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक स्टीलची पट्टी. पट्टी कशाला, तर प्रोग्राम वाचायला. ते स्क्रीनवर वाचत नसत. कागदावर छापून घ्यायचे, एका ओळीखाली पट्टी ठेवायचे, ती ओळ पोथी वाचल्यासारखी पुटपुटायचे आणि मगच पट्टी खाली सरकवायचे. वाचून झालं की शेवटच्या पानाखाली सही. आमच्याकडे नियमच होता, भैयांची सही झाल्याशिवाय कोणताही प्रोग्राम बाहेर जायचा नाही. कच्चं काम ते जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करत. त्यामुळे आमच्या कित्येक प्रोग्रामांच्या पाठीवर कोणाकोणाची शुभमंगलं छापलेली असायची.

घाई केलेली त्यांना खपत नसे. "घाई मशीनले आहे, बाबू. आपल्याले काहून पाहिजे?"

एकदा त्यांची दाढ दुखत होती, माझीही. दोघं मिळून खालच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बैठिए अंकल, बुला लेंगे।"

"कौन बुलाएगा?" भैयांनी विचारलं.

"कोई भी बुला लेगा, अंकल।"

"कोई भी मतलब कोई नहीं, बेटा। नाम बताओ।"

तिने ओशाळून स्वतःचं नाव सांगितलं. भैया बसले. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्रात रस घेतला. नंतर जिना चढताना म्हणाले, "बसा म्हणणं सोपं आहे, अनिल. पण बसा म्हटलं का त्या माणसाची जबाबदारी आपल्यावर आली. तो बिचारा भरवशावर बसून राहिला असतो."

आता त्या कामाकडे येतो. बिरगावच्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या गेटावर दिवसभर ट्रक येत. आलेला ट्रक आधी भरलेला तोलायचा, आत माल उतरवायचा, मग रिकामा तोलायचा. तोलायचा काटा एकच. ड्रायव्हरला गेटावर नंबराची चिठ्ठी मिळे, तो शेडमध्ये बाकावर बसे, पाटीवर नंबर लागला की गाडी काट्यावर घेई. ही रांग भैयांनी लिहिलेला प्रोग्राम सांभाळायचा. त्यात प्रत्येक ट्रकसाठी एक कोरुटीन होतं. कोरुटीन म्हणजे काय हे मी बायकोला एकदा समजावलं होतं. असं काम, जे मध्येच थांबतं, आणि उठवलं की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागतं. माधवी म्हणाली, "म्हणजे तुमचं जेवण. फोन आला का थांबते, मग तिथूनच सुरू." याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

ही सगळी कोरुटीनं चालवणारा थ्रेड, म्हणजे काम करणारा हात, एकच होता. हात एकच असल्यावर दोन जण एकाच वेळी रांगेत घुसायचा प्रश्नच नव्हता. म्हणून भैयांनी रांगेला कुलूप घातलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. कित्येक वर्षं एकही गाडी चुकली नाही.

मग कारखाना वाढला, गेटं वाढली, प्रोग्राम हळू पडू लागला. विनयजींनी मला सांगितलं की चार थ्रेड करून टाक. मी केले. दोन दिवसांत केले आणि स्वतःवर खूश होतो. भैयांनी कागद मागवला, पट्टी लावून वाचला, सही केली. नवा प्रोग्राम बिरगावला गेला. खरंच वेगाने धावू लागला. मी घरी जिलेबी नेली.

तीन आठवड्यांनी कारखान्याच्या गेट मॅनेजरचा फोन आला. एक ड्रायव्हर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिला, त्याचा नंबर लागलाच नाही. त्याच्या आधीही एकदोनदा असं झालं होतं, पण तेव्हा ड्रायव्हरांनी भांडून गाडी आत घातली होती. हा भांडला नाही. मॅनेजरने मुदत दिली, शनिवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर तुमचं यंत्र काढतो आणि पुन्हा माणूस बसवतो. फोन आला तेव्हा सोमवार होता.

विनयजी घाबरले, कारण हे आमचं सगळ्यात मोठं काम. मी तिथल्या तिथे तोडगा काढला. "दर पाच मिनिटांनी सगळ्या थांबलेल्या गाड्यांना उठवू आणि विचारू, कोणाची राहिली का. एका तासाचं काम आहे."

भैयांनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे तू एकाले विसरला, म्हणून दर पाच मिनिटाले सगळ्यायले झोपेतून उठवशील?"

"पण सुटेल ना, भैया."

"लपेल. सुटणार नाही." मग विनयजींकडे वळून म्हणाले, "शनिवार तक का समय है ना? मुझे दीजिए।" आणि मला म्हणाले, "चल, बिरगावले जाऊ. आधी त्या माणसाले भेटू."

प्रोग्राम बिघडल्यावर आधी माणसाला भेटायला जाणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. बिरगाव फार लांब नाही, पण भैयांच्या स्कूटरवरून ते बरंच लांब आहे.

ड्रायव्हरचं नाव बिसाहू. पस्तिशीचा, शांत. त्या दिवशीही तो माल घेऊन आला होता. भैयांनी त्याच्याशेजारी बाकावर बसूनच विचारलं की काय झालं होतं.

"नंबर आही कहिके बइठे रहेंव, साहब," तो म्हणाला. नंबर येईल म्हणून बसून राहिलो. मागून आलेल्या गाड्या आत गेल्या तेव्हा त्याने गार्डला दोनदा विचारलं. गार्ड म्हणाला, कंप्यूटर में लगा है, बैठो. मग तो बसला.

त्याला त्या दिवशी दुपारी गाडी खाली करून बहिणीच्या गावाला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी तीजाचा उपास होता. आमच्या भागात तीजाला लग्न झालेल्या मुलीला भाऊ किंवा बाप सासरहून माहेरी घेऊन येतो. उपासाच्या आदल्या रात्री ती माहेरी कारल्याची भाजी आणि भात जेवते. त्याला करू भात म्हणतात. वर्षभर बायका या दिवसाची वाट बघतात. बिसाहूची बहीण पिशवी भरून संध्याकाळपर्यंत दारात बसली होती.

"ओकर करू भात ससुरारे म होगे," बिसाहू म्हणाला. तिचा करू भात सासरीच झाला. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं.

गेट मॅनेजर तोवर तिथे येऊन उभा होता. त्याने विचारलं, "गलती किसकी थी?"

भैया उठून उभे राहिले. बिसाहूकडे बघून म्हणाले, "मेरी। मैंने पढ़कर दस्तखत किया था। माफ करना, भाई।" आणि हात जोडले.

मी त्या वेळी समोरच्या ट्रकच्या टायरच्या नक्षीचं फार बारकाईने निरीक्षण करत होतो. ती नक्षी मला आजही काढून दाखवता येईल.

परत येताना टाटीबंधच्या सिग्नलला थांबल्यावर भैया म्हणाले, "वाचताना मी एकाच हाताने वाचत होतो, अनिल. पट्टी एका वेळी एकाच ओळीखाली राहते. तू हात चार केले, पण माझी पट्टी एकच होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना उठवून मधली जागा मोकळी करायला लावली. ही त्यांची जुनी पद्धत होती. प्रोग्राम अडला की तो माणसांकडून चालवून बघायचा. मी याआधी एकदाच हे पाहिलं होतं आणि तेव्हा मला शाळेचं गॅदरिंग आठवलं होतं. या वेळी विनयजी काटा झाले, म्हणजे टेबलाला टेकून उभे राहिले. बाकीच्यांच्या दोन भूमिका होत्या, गाड्या आणि हात. चहा करणाऱ्या मोंगरा दीदी आणि ज्योती या दोन हात. मी गाडी. मला माझ्या देहयष्टीमुळे ट्रकचंच काम मिळालं.

"रांगेचा नियम काय?" भैया म्हणाले. "प्रत्येक गाडी फक्त आपल्या मागच्याले ओळखते. नवी गाडी आली का शेवटच्या गाडीले सांगायचं, तुझ्या मागे मी. त्याने ते लक्षात ठेवायचं. त्याचा नंबर लागला का त्याने मागच्याचं नाव सांगून जायचं. बस."

एका हाताने एकेक गाडी आणली तेव्हा सगळं सुरळीत चाललं. मग भैया म्हणाले, "आता दोघी एकदम."

मोंगरा दीदींनी मला आणलं, ज्योतीने आमच्या हिशेबनीसाला आणलं. दोघींनी एकाच वेळी विचारलं, शेवटी कोण आहे. शेवटी टंकलेखक गुप्ताजी होते. मी त्यांच्या कानात म्हटलं, "तुमच्या मागे मी." त्याच क्षणी दुसऱ्या कानात हिशेबनीस तेच म्हणाले. आम्ही दोघं जाऊन बसलो. गुप्ताजींचा नंबर आला. त्यांना दुसऱ्या कानातलं नाव आठवलं, ते सांगून ते गेले. मग हिशेबनीस गेले. त्यांच्या मागे आलेले गेले. मी बसलो होतो. मला कोणी ओळखतच नव्हतं.

"बिसाहू," भैया हळूच म्हणाले.

स्क्रीनवर मी ती चूक दहा वेळा वाचली असती तरी मला दिसली नसती. स्टुलावर बसून, आपलं नाव जगात कोणाच्याच ध्यानात नाही हे बघितल्यावर ती लगेच कळली.

बुधवारी मी उत्साहाने उपाय आणला. रांगेला एक कुलूप, त्याची एकच किल्ली. किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच रांगेला हात लावायचा. भैयांनी ऑफिसच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "चालवून दाखव."

मी किल्ली घेतली. काटा रिकामा आहे का पाहिलं, नव्हता. काट्यावरच्या गुप्ताजींना सांगितलं, तुमच्या मागे मी. आणि ऐटीत स्टुलावर जाऊन बसलो. काटा रिकामा झाला. ज्योती मला हाक मारायला निघाली, पण रांगेला हात लावायचा तर किल्ली हवी.

"चाबी कहाँ है?" तिने विचारलं.

किल्ली माझ्या खिशात होती आणि मी, नियमाप्रमाणे, झोपलेला होतो. सगळं रायपूर थांबलं असतं तरी मला उठवता आलं नसतं. विनयजी टेबलाला टेकलेले हसू लागले, मग सगळेच.

"झोपताना किल्ली सोडून दे," भैया म्हणाले.

मी दुसऱ्यांदा केलं. रांगेत नाव दिलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि बसायला वाकलो. ज्योती फार चपळ मुलगी आहे. तिने लगेच किल्ली उचलली, माझं नाव वाचलं, किल्ली ठेवली आणि माझा हात धरून मला ओढलं. पण मोंगरा दीदींचं मला अजून बसवून झालं नव्हतं. एकीने वर ओढलं, दुसरीने खाली दाबलं. मी स्टुलासकट आडवा झालो. खालच्या दवाखान्यातून कोणीतरी विचारायला वर आलं.

"लागलं का रे?" भैयांनी आधी ते विचारलं. मग खाली माझ्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "पाह. पुरता बसायच्या आधी उठवलं, तर एकाच गाडीले दोन हात ओढतात. मग किल्ली सोडायची कधी? बसायच्या आधी सोडली तर हे असं. बसल्यावर तर तू झोपलेला. कोण सोडेल?"

ते स्वतःलाच विचारत होते. मी जमिनीवरून छताकडे बघत होतो. मोंगरा दीदी पदर खोचत म्हणाल्या, "अनिल भैया बइठ जाए, फिर चाबी मैं लेकर रख दूँगी। बैठाने वाली तो मैं ही हूँ।"

पोतनीस भैयांनी लगेच खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि मागे लिहिलं. बसणारा पुरता बसल्यावर, बसवणाऱ्याने त्याची किल्ली सोडावी. खाली आणखी दोन ओळी. हाक मारणाऱ्याने आधी किल्ली ठेवावी, मग हाक मारावी. उठणाऱ्याने उठल्यावर आधी किल्ली घ्यावी आणि काटा खरंच रिकामा आहे का, ते पुन्हा पाहावं, मध्ये कोणी घुसलं असू शकतं. तेव्हा मला पहिल्या दिवसाचा चहा समजला.

लिहायला दोन दिवस लागले. भैयांनी मलाच लिहायला लावलं. वाचताना या वेळी दोन पट्ट्या आणल्या, एक स्वतःची, एक ज्योतीच्या हातात. दोघं दोन वेगवेगळ्या ओळींवर पट्टी ठेवायचे आणि भैया विचारायचे, "तू इथे आहेस, मी इथे. आता काय बिघडते?" ज्योती विचार करून हिंदीत उत्तर द्यायची. कधी काहीच बिघडत नसे, मग दोघं एकेक ओळ पुढे सरकत. शुक्रवारी संध्याकाळी खाली दोघांच्या सह्या झाल्या.

शनिवारी आम्ही दिवसभर बिरगावच्या शेडमध्ये बाकावर बसलो, ड्रायव्हरांच्या मध्ये. प्रत्येक चिठ्ठीचा नंबर भैयांनी पत्रिकेवर लिहिला आणि तो पाटीवर लागला की खूण केली. एकही राहिला नाही. मॅनेजर खूश झाला, विनयजींनी फोनवरून मिठाई मागवली. भैयांनी गार्डला एवढंच विचारलं, बिसाहू कधी येतो. गार्ड म्हणाला, आता दर मंगळवारी. निघताना भैया माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बरोबर चालते, हे त्याले कोणी सांगितलं पाहिजे." मी "हव", म्हणजे हो, म्हटलं.

तो मंगळवार गेला. पुढचाही गेला. ऑफिसात नवी कामं होती, मला ताप होता, पाऊस होता. कारणं मी चांगली शोधतो. भैयांनी पुन्हा विचारलं नाही. ते विचारत नसत, त्यामुळे जास्त त्रास व्हायचा.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं. मुलगी जबलपूरला असते, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी ब्राह्मणपाऱ्यात गेलो. मनात वाक्य तयार होतं. भैया, बिरगावला ती चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि मी गप्प राहिलो. स्कूटर चालवताना मी ते चारपाच वेळा म्हणून पाहिलं होतं.

गल्ली अरुंद, मुलीची गाडी दाराला लागून उभी. भैया पुढच्या सीटवर बसलेले, सीटबेल्टचं टोक कुठे जातं ते शोधत होते. मी खिडकीशी वाकलो. त्यांनी वर बघितलं, बेल्ट तसाच धरून हसले. मागे एक रिक्षा हॉर्न देत होती.

"पोहोचल्यावर फोन करा, भैया," मी म्हणालो.

"हव," ते म्हणाले. "तब्येत सांभाळ."

गाडी निघाली. मागच्या काचेतून त्यांचं पांढरं डोकं दिसलं, अजून खाली वाकलेलं, बेल्टशी झटत. वळणावर मुलीने बहुतेक हात पुढे करून तो लावून दिला, कारण डोकं सरळ झालं आणि मग गाडी वळली.

घरी आलो. माधवी भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, अगदी टायरच्या नक्षीपासून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. शेवटी म्हणालो, "आज त्यांना सांगायचं राहून गेलं. आता काय उपयोग."

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"त्यायले तर तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "ज्याले माहीत नाही, तो बिरगावले आहे. आज वार कोणता आहे, माहीत आहे का? मंगळवार. जेवून घ्या, आणि जा."